सहावीतल्या मुलीला मैत्रिणींनी वाळीत टाकलंय आणि शाळा म्हणते "मुलींचं असंच असतं". आईने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलीच्या गटातल्या पाच-सहा जणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. डबा खायला जवळ बसू देत नाहीत, तिला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप काढलाय, आणि वर्गशिक्षिका म्हणतात आठ दिवसांत गट्टी होईल. घरी आजी म्हणते, मनावर घेऊ नकोस. मी स्वतः माध्यमिक शाळेत शिकवते आणि पाचवी ते आठवीचे वर्ग वर्षानुवर्षं सांभाळलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आठ दिवसांत मिटतं ते भांडण. त्यात दोघीही चिडलेल्या असतात, दोघींच्या बाजूने कुणी ना कुणी असतं, आणि खोडरबर मागायच्या निमित्ताने कधीतरी संपतं. तुमच्याकडे एकटी रडतेय आणि बाकीच्यांचं छान चाललंय. नॉर्वेत मुलांमधल्या छळावर (बुलिंगवर) आयुष्यभर काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस, हे भांडण आहे की छळ ते ओळखायला तीन गोष्टी बघायला सांगत: मुद्दाम चाललंय का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि एका बाजूचं बळ दुसरीपेक्षा उघडउघड जास्त आहे का. तुमच्या मुलीच्या बाबतीत तिन्ही आहेत. त्यामुळे "दुर्लक्ष कर" हा सल्ला इथे चालत नाही. जिच्याशी कुणी बोलतच नाही तिने दुर्लक्ष करायचं तरी कशाकडे?

बाईंना हे दिसत नाही, यात त्यांचा कामचुकारपणा असेलच असं नाही. मारामारी झाली तर आवाज होतो, शर्टाचं बटण तुटतं. यात काहीच होत नाही. मधल्या सुट्टीत अशी मुलगी स्टाफरूमच्या दारात उभी असते. "बाई, वह्या नेऊ का?" "बाई, फळा पुसू का?" नाहीतर नळावर बाटली भरत असते. भरते, थोडी ओतते, पुन्हा भरते, घंटा होईपर्यंत. डबा दोन घासांत आटपते किंवा तसाच घरी नेते. आम्ही शिक्षक तिच्या प्रगतीपुस्तकात लिहितो, "मदतीस तत्पर, शांत स्वभाव". म्हणून मुलीला रोज "आज कोणी बोललं का गं?" असं विचारू नका, त्या प्रश्नाने तिला रोज नव्याने नापास झाल्यासारखं वाटतं. मधल्या सुट्टीत कुठे होतीस, कोणाचा डबा काय होता, एवढं विचारा. त्यातून सगळं कळतं.

आता मुख्य मुद्दा. पालक आले की सगळा राग त्या एका म्होरक्या मुलीवर असतो. तिच्या आईला फोन करू का, गेटवर गाठून समजावू का? नका करू. या गटाचा जीव तिच्यात नाही, मधल्या मुलींत आहे. एक ठरवते, एखाद-दुसरी तिची री ओढते, आणि उरलेल्या तीन-चार जणींना तुमच्या मुलीबद्दल काही राग नसतो. आपला नंबर लागू नये एवढीच त्यांची धडपड. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी 1990 च्या दशकात नेमकं हेच मांडलं: छळणारा आणि छळ सोसणारा एवढेच दोघे त्यात नसतात, साथ देणारे, हसून हवा घालणारे, गप्प राहणारे आणि बाजू घेणारे अशा सगळ्या वर्गाच्या भूमिका ठरलेल्या असतात. त्यांच्या कामावर उभा राहिलेला कार्यक्रम 2009 पासून फिनलंडभरच्या शाळांत सुरू झाला आणि त्याचा भर बघणाऱ्या मुलांवरच आहे. कॅनडात शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला 2001 चा एक अभ्यास आहे. छळाच्या प्रसंगांत कोणी ना कोणी मुलं बघत उभी असण्याचं प्रमाण 88 टक्के आणि त्यांनी मध्ये पडण्याचं फक्त 19 टक्के. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला.

तर त्या गटात अशी एक मुलगी शोधा, जी वर्गात तोंड फिरवते पण रिक्षात किंवा सोसायटीच्या जिन्यात हळूच हसते. असतेच. ती शनिवारी दुपारी घरी यावी असं काहीतरी जमवा. एकटी. भेळ करा, विज्ञानाचा प्रकल्प दोघींना मिळून करू द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊ नका. "तू शाळेत हिच्याशी का बोलत नाहीस?" हा प्रश्न चुकूनही नको, ती पुन्हा येणार नाही. सोमवारी ती शाळेत बोलेलच असंही नाही. दोन-तीन शनिवार जाऊ द्यात.

बाईंकडे जाल तेव्हा "लक्ष द्या" म्हणू नका. आम्ही "हो हो, देते" म्हणतो आणि साठ पोरांच्या वर्गात परत जातो. नेमकं काम मागा. बाकांवरच्या जागा संपूर्ण वर्गाच्या बदला, म्हणजे कुणाला संशय येणार नाही. आणि "आपापल्या जोड्या करा" हे वाक्य वर्गात बंद करा. प्रयोगशाळा असो, सहलीच्या गाडीतल्या सीट असोत की पीटीच्या तासाला कॅप्टननी एकेक खेळाडू निवडणं असो, शेवटी उरणारं मूल तेच असतं आणि ते सगळ्यांदेखत उरतं. जोड्या बाईंनी हजेरीपटावरून पाडल्या की हा तमाशा होत नाही. एक मात्र स्पष्ट सांगा: वर्गात उभं करून "चला, हात मिळवा, आजपासून सगळ्या मैत्रिणी" असलं काही नको. हात मिळवले जातात आणि मधल्या सुट्टीत त्याचं उट्टं निघतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं म्हणाल तर ते वापरायला किमान वय 13 आहे. सहावीच्या मुलींचे ग्रुप बहुतेक वेळा आयांच्याच फोनवर चालतात. म्हणजे "आम्हाला काही माहीतच नव्हतं" म्हणणाऱ्या दोन-तीन आया रोज ते मेसेज बघत असतात, हेही लक्षात असू द्या. तुमच्या मुलीला त्या ग्रुपमध्ये घुसवायची खटपट करू नका. तिच्याबद्दल काही वाईट लिहिलेलं हाती आलं तर स्क्रीनशॉट ठेवा.

आणखी एक विचारते, राग मानू नका. यामागे आडनाव, वस्ती, रंग, डब्यातला पदार्थ किंवा आरटीईच्या 25 टक्क्यांतला प्रवेश असं काही आहे का? मी एका वर्गात एक खेळ पाहिलाय. एका मुलीचा हात लागला की तो लागलेला हात दुसरीच्या फ्रॉकला पुसायचा, तिने तिसरीच्या, आणि सगळ्या किंचाळत पळणार. हे पोरं स्वतः शोधून काढत नाहीत, घरून घेऊन येतात. मोठ्यांना वाळीत टाकणाऱ्या पंचांसाठी महाराष्ट्राने 2016 चा कायदा करून तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली, आणि शाळेत तेच घडलं की आपण "लहान आहेत हो" म्हणतो. असं काही असेल तर शनिवारच्या भेळेची वाट बघू नका. तारखांसकट मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर पोच घ्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं, आणि एखादे शिक्षकच मुलांना वेगळं बसवत असतील तर ते थेट त्यांनाच लागू होतं. मार्च 2022 च्या शासन निर्णयाने शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायची आहे. अर्जात तिचा उल्लेख केलात की कागद हलतो, हा अनुभव आहे.

मुलीला शाळेबाहेरचं एखादं वर्तुळ मात्र लगेच मिळवून द्या. खो-खो, तबला, नाट्यशिबिर, काहीही, पण या शाळेतल्या मुली तिथे नकोत. तिथे ती "ती" नसते, फक्त नवी मुलगी असते.

रविवारी रात्री हमखास पोट दुखणं, झोप उडणं, आवडीचं चित्रकलेचं सामानही बाजूला पडणं असं दिसलं तर समुपदेशकाकडे न्या. "मी नसते तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं काही बोलली तर त्याच दिवशी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आहे. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन आहेच.

शाळा बदलायची का, हे लगेच ठरवू नका, पण पर्याय म्हणून ठेवा. त्याआधी एक सोपी गोष्ट आहे. तुमच्या शाळेत जूनला तुकड्या नव्याने पाडत असतील तर याद्या एप्रिल-मेमध्येच होतात. परीक्षा संपायच्या आत मुख्याध्यापकांना भेटा. "त्या मुलीपासून वेगळी करा" एवढंच मागू नका, ती शनिवारी घरी येणारी मुलगी तुमच्या मुलीच्या तुकडीत द्या असं मागा. जूनमध्ये याद्या लागल्यावर आलात तर आम्ही काही करू शकत नाही.