पर्स्पेक्टिव्ह चित्रात बघणारा नेमका कुठे असतो? दोन व्हॅनिशिंग पॉइंट घेऊनही माझा खोका कोपऱ्यात टोकदार का होतो?

बघणारा चित्राच्या समोर असतो. कागदापासून अमुक अंतरावर, अमुक उंचीवर, एक डोळा. ही जागा आधी ठरते आणि व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या समांतर रेषा चित्रात जिथे एकत्र येतात ते बिंदू, तिच्यातून निघतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे उलटं शिकवतात. आडवी रेघ मारा, तिच्यावर दोन टिंबं द्या, रेषा जोडा, झालं पर्स्पेक्टिव्ह. बघणाऱ्याला कोणी विचारतच नाही, आणि मग तुमच्यासारख्या मुलांना वाटतं की आपला हात वाईट आहे.

तुमच्या खोक्याचं आधी सांगतो. तुम्ही लिहिलंय की सरांच्या सांगण्यावरून ए-फोर कागद आडवा धरून दोन पॉइंट दोन कडांवर घेतले. म्हणजे त्यांच्यात साधारण 30 सेंटिमीटर अंतर. खोक्याच्या बाजू एकमेकींशी काटकोनात आहेत, त्यामुळे डोळ्यापासून त्या दोन पॉइंटांकडे जाणाऱ्या रेषाही काटकोनातच हव्यात. हे सगळं वरून बघा. दोन पॉइंटांमधलं अंतर व्यास धरून अर्धवर्तुळ काढलं, तर डोळा त्या अर्धवर्तुळावरच कुठेतरी असणार. कागदाच्या बरोबर मध्यासमोर असेल तर 15 सेंटिमीटरवर. तुम्ही बघताय हातभर लांबून. एक डोळा मिटा, दुसरा कागदाच्या मध्यासमोर 15 सेंटिमीटरवर न्या, तोच कोपरा काटकोनी दिसायला लागेल. पॉइंट मध्यापासून सारख्या अंतरावर नसतील तर दोन्ही अंतरांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. एक 20 वर आणि दुसरा 45 वर असेल तर डोळा 30 सेंटिमीटरवर.

हे मी कॉलेजात शिकलेलो नाही. दुकानांच्या पाट्या आणि नाटकांचे पडदे रंगवता रंगवता शिकलो. आणि नेमक्या याच प्रश्नावरून माझं एका ड्रॉइंगच्या गुरुजींशी वाजलं होतं, ते माझ्यापुरतं अजून मिटलेलं नाही.

आमच्याकडे कोकणात जत्रेला गावातलीच मंडळी नाटक करत. त्या वर्षी ऐतिहासिक नाटक होतं आणि दरबाराचा नवा पडदा हवा होता. 20 फूट रुंद, 12 फूट उंच. मांजरपाट शिवून, त्याला सरस आणि खडूचा हात देऊन तो धर्मशाळेच्या लांब भिंतीला ताणून लावला होता. आखणी गुरुजी करणार, कारण त्यांच्याकडे डिप्लोमा. रंग मी भरणार.

गुरुजींनी कोळशाने आखणी केली ती अशी. क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीची आडवी रेघ, पडद्याच्या मध्यावर, खालून 6 फुटांवर. व्हॅनिशिंग पॉइंट तिच्या मधोमध. दरबाराची फरशी 2 फुटी चौकोनांची, आणि तिचे कर्ण पडद्याच्या दोन कडांकडे नेलेले. आता समोरासमोरच्या, म्हणजे एकाच व्हॅनिशिंग पॉइंटच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये चौकोनी फरशीचे कर्ण क्षितिजरेषेला जिथे मिळतात, तिथपासून मधल्या व्हॅनिशिंग पॉइंटपर्यंतचं अंतर हेच बघणाऱ्याचं पडद्यापासूनचं अंतर असतं. गुरुजींनी ते 10 फूट धरलं होतं, आणि तेसुद्धा ठरवून नाही, कापड तिथे संपलं म्हणून. पडद्यापासून 10 फुटांवर नट उभा असतो, पडद्याकडे पाठ करून! प्रेक्षक 25 फुटांपासून पुढे 50-60 फुटांपर्यंत.

मी म्हटलं, "गुरुजी, समोर जरा लांब जाऊन बसून बघा, फरशी किती लांबुडकी दिसते." ते म्हणाले, "पर्स्पेक्टिव्ह कागदावर तपासायचं असतं, अंगणात बसून नाही. तू पाट्या रंगवणारा, तू मला शिकवणार?"

हे वाक्य मला लागलं. पाट्या आणि पडदे रंगवणं म्हणजे हलकं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर आठवावेत. सिनेमाकडे वळण्याआधी तेही नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते.

राजाचं काम करणारे तात्या मात्र उठले, अंगणाच्या टोकाला जाऊन खाली बसले आणि तिथूनच ओरडले, "हो दरबार न्हय, बोगदो आसा!" ते बरोबरच होतं. 10 फुटांसाठी आखलेलं चित्र 40 फुटांवरून बघितलं की खोली चौपट ताणल्यासारखी वाटते. अध्यक्षांनी आखणी पुसायला सांगितली आणि गुरुजी घरी गेले.

मग मी आखलं. अंतर 30 फूट धरलं. कर्णाचा बिंदू पडद्याच्या कडेपासून आणखी 20 फूट बाहेर गेला, भिंत संपत होती तिथे. बांबू रोवला, त्याला क्षितिजरेषेच्या उंचीवर खिळा ठोकला, निळेत बुडवलेली दोरी पडद्याच्या पलीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि फटका मारला. पडद्याची खालची कड स्टेजला टेकते, म्हणून तिथे मोजलेले 2 फूट हे खरे 2 फूट. तिथून मधल्या पॉइंटकडे जाणाऱ्या रेषांना ती निळी रेघ जिथे जिथे छेदते, तिथून आडव्या रेषा. फरशीची पहिली ओळ गुरुजींच्या आखणीत 12 इंच उंच होती, माझ्या आखणीत 3 इंच. दुसऱ्या दिवशी ते बघून गुरुजींनी विचारलं, "ही फरशी की पट्टी?" पट्टीच. लांबून बघणाऱ्याला जमीन तशीच दिसते.

उंचीचं सांगायचं राहिलं. स्टेज साडेतीन फूट, सतरंजीवर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून अडीच फूट. म्हणजे काटेकोर बोलायचं तर प्रेक्षकाचा डोळा स्टेजच्या फळ्यांच्याही फूटभर खाली, त्याला दरबाराची फरशी दिसताच कामा नये. तेवढं खरं मीही केलं नाही. मी क्षितिजरेषा 4 फुटांवर घेतली, सिंहासनावर बसलेल्या राजाच्या डोळ्याच्या आसपास. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या सगळ्या माणसांना क्षितिजरेषा सारख्याच उंचीवर कापते, जवळची असोत की लांबची. म्हणून चितारलेले भालदार-चोपदार, पुढचे आणि मागचे, सगळे त्या रेषेवर छातीशी आले आणि समोर उभ्या नटांशी जुळले. तुमच्या चित्रात माणसं तरंगत असतील तर आधी हेच तपासा.

गुरुजींनी पुढेही गावभर हेच सांगितलं की पडदा नियमाबाहेरचा आहे. कुठला नियम? हे शास्त्र ज्याच्यापासून सुरू झालं म्हणतात त्या फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने 15व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र एका फळीवर काढलं आणि फळीलाच भोक पाडलं. बघणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र बघायचं. डोळा हलायला त्याने जागाच ठेवली नाही. रोमच्या सांत इग्नाझिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोने छत असं रंगवलंय की खांब आणि कमानी वर आभाळात चढत जातात, आणि कुठून बघायचं ते दाखवायला जमिनीत संगमरवरी चकती बसवलेली आहे. या लोकांनी बघणाऱ्याला धरून जागेवर उभं केलं. मी तात्यांना अंगणात बसवलं, तेही तेच.

आता गुरुजींच्या बाजूने जेवढं खरं आहे तेवढं सांगतो. उंची जाणूनबुजून बदलता येते. लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'मध्ये व्हॅनिशिंग पॉइंट येशूच्या डोक्यापाशी आहे, जेवणघरात उभ्या माणसाच्या डोळ्यापेक्षा खूप वर, आणि तरी ते चित्र टिकतं. शिवाय आपला डोळा बरंच चालवून घेतो, कडेला बसलेल्यांनाही माझा पडदा दरबारच वाटला. आणि वर्गमूळाचा हिशेब काटकोनी वस्तूला आणि उभ्या, न झुकलेल्या चित्रालाच लागू पडतो.

तुम्ही सराव करताना सगळं चित्र डोळ्यासमोरच्या साधारण 60 अंशांच्या शंकूत बसेल असं बघा. ए-थ्री कागदाची 42 सेंटिमीटर रुंदी त्यात बसवायची तर निदान 36 सेंटिमीटर अंतर लागतं. मी 60 सेंटिमीटर घेतो. दोन पॉइंट तेव्हा कागदाबाहेर जातात, जाऊ द्या, कागद जमिनीवर चिकटवा आणि लांब दोरी घ्या. एकदा खिडकीच्या काचेवर, एक डोळा मिटून, समोरची इमारत मार्करने गिरवून बघा. डोकं वीतभर हललं की रेषा इमारतीवरून सरकतात.

आणि तुमचे सर पुन्हा म्हणाले की पॉइंट कडेवरच घ्या, तर नम्रपणे विचारा की डोळा किती सेंटिमीटरवर धरलाय. उत्तर आकड्यातच मागा.