स्तनांत सिलिकोनचे इम्प्लांट आहेत, बाळाला पाजू का?

अगं, पाज. बिनधास्त पाज. सिलिकोन दुधात उतरेल ही भीती मलाही होती, आणि सासूबाईंनी ती आणखी वाढवली होती. १९९८ साली कॅनडात तपासणी झाली, तेव्हा सिलिकोनचा अंदाज यावा म्हणून त्यातलं सिलिकॉन हे मूलद्रव्य मोजलं; इम्प्लांट असलेल्या आणि नसलेल्या आयांच्या दुधात त्याच्या प्रमाणात विशेष फरक सापडला नाही. उलट गाईच्या दुधात हे मूलद्रव्य कितीतरी जास्त निघालं, डब्याच्या पावडरमध्ये त्याहून जास्त.

खरा प्रश्न दूध पुरेल का, हा आहे. तुझा छेद कुठे घेतलाय? स्तनाखालच्या घडीत किंवा काखेत असेल तर दुधाच्या नळ्या बहुतेक शाबूत राहतात. बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळावर असेल तर नळ्या आणि नसा दुखावलेल्या असू शकतात. माझा तसाच होता. डाव्या बाजूला पान्हा फुटायचा, उजवीकडे जेमतेम ओल. मग डावीकडून पाजायचं आणि उरलेली भूक वाटी-चमच्याने भागवायची. त्यात कमीपणा कसला?

डॉक्टरांना ऑपरेशनबद्दल आधीच सांग, लाजू नकोस. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा लंगोट ओले व्हायला हवेत, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून यायला हवं. तसं होत नसेल तर थांबू नकोस, बाळाला दाखव.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, इम्प्लांटमुळे ताण जास्तच जाणवतो. वारंवार पाज, नंतर गार फडकं ठेव. लाली आणि ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.