चान्सल म्हणजे गाभारा का?

इंग्लंडमधल्या जुन्या गावचर्चवर मराठीत लिहिताना 'चान्सल'ला, म्हणजे वेदीकडच्या भागाला, गाभारा म्हटलं तर चालेल का, असं विचारलंय. मी तरी नको म्हणेन. नेव्हला, म्हणजे चर्चच्या मुख्य दालनाला, बिनधास्त सभामंडप म्हणा, गावकऱ्यांची जागा ती. पण गाभाऱ्यात देव आणि फार तर पुजारी, चान्सलमध्ये मात्र पूर्वेच्या टोकाला वेदी, तिच्या अलीकडच्या बाजूला धर्मगुरू आणि मदतनीस, व्हिक्टोरियन काळात तर गाणाऱ्यांची बाकंही तिथेच आली. 'वेदीचा भाग' म्हणा, नाहीतर सरळ चान्सलच ठेवा.

मूळ लॅटिन कँसेली, म्हणजे जाळी. लोक आणि वेदी यांच्यामध्ये जाळीदार आडोसा असायचा, त्यावरून पलीकडच्या अख्ख्या भागालाच नाव पडलं. रोमन कोर्टात अशाच जाळीपाशी उभा राहायचा तो कँसेलारियस, त्याचा पुढे चान्सलर झाला, आणि लिहिलेल्यावर आडव्यातिडव्या रेघा मारून जाळी काढली की झालं कॅन्सल, आपण रेल्वेचं तिकीट करतो तेच.

मध्ययुगात हा आडोसा बहुतेक ओकच्या लाकडाचा, खाली बंद फळ्या, वर नक्षीची जाळी, त्यावर एक अरुंद माळा आणि क्रूस. चर्चेस बांधली तेव्हा अर्थात कॅथलिक होती, अँग्लिकन झाली ती १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने रोमशी फारकत घेतल्यावर. १५६१ मध्ये एलिझाबेथच्या काळात हुकूम निघाला की माळे काढा, खालचा आडोसा राहू द्या. म्हणून काही चर्चमध्ये अजून भिंतीच्या पोटात वर जाणारा चिंचोळा जिना दिसतो आणि वरचं दार थेट हवेत उघडतं!

गंमत पुढे आहे. नेव्हची डागडुजी गावाकडे आणि चान्सलची रेक्टरकडे, म्हणजे चर्चचं उत्पन्न घेणाऱ्या धर्मगुरूकडे किंवा मठाकडे, अशी जुनी वाटणी होती. हेन्रीने मठ मोडले आणि त्यांच्या जमिनी खाजगी लोकांकडे गेल्या, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ही जबाबदारीही जमिनीला चिकटून गेली. वॉरिकशरमधल्या अॅस्टन कँटलोच्या चर्चचं प्रकरण तर हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, २००३ मध्ये निकाल लागला की शेतजमिनीच्या मालकांनीच चान्सलचा खर्च द्यायचा, आणि बिल दीड लाख पौंडांच्या वर गेलं. ऑक्टोबर २०१३ पासून नियम थोडा सैल झाला, चर्चने हक्काची नोंद केलेली नसेल तर त्यानंतर जमीन विकत घेणारा साधारणपणे सुटतो. तरी तिकडे घर घेताना वकील अजून चान्सलचा इन्शुरन्स काढायला लावतात.