स्किझोफ्रेनियात योग-आयुर्वेदाने गोळ्या बंद होतील का?

नाही. गोळ्या थांबवल्यावर आजार बहुधा काही आठवड्यांनी-महिन्यांनी उलटतो, म्हणून सुरुवातीला काढाच लागू पडला असं घरच्यांना वाटतं. फसू नका.

योग मात्र जोडीला जरूर घ्या. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या अभ्यासांत औषधांसोबत योग केल्यावर निरुत्साह, एकलकोंडेपणा कमी झालेला दिसला. आसनं आणि संथ श्वसन पुरे. भास चालू असताना दीर्घ ध्यान टाळा.

सर्पगंधा स्वतःहून देऊ नका. तिच्यातल्या रिसर्पीनने रक्तदाब उतरतो, उदासी येऊ शकते; रिस्पेरिडोन या स्किझोफ्रेनियाच्या गोळीसोबत चक्कर येऊन पडण्याची भीती.

सांगलीकरांनी सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराची चौकशी करावी. जाताना चूर्णांचे डबेही न्या.