वाचकांचे प्रश्न: एकर विकून पर्यावरणाची डिग्री घ्यावी का?

प्रश्न : वणी तालुक्यात आमची पाच एकर कोरडवाहू आहे, पराटी (कपाशी) अन् तूर. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीही दिली. अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची धूळ बसते ते पाहून पर्यावरण अभियांत्रिकीच करायची म्हणते. लांबच्या एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून जागा आहे. फी वर्षाला १,१०,००० अन् होस्टेल-मेस ८०,०००. एक एकर विकावं का?

उत्तर : विकू नका. चार वर्षांचे ७,६०,००० होतात, आणि त्यातले ४,४०,००० नुसते फीचे. मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये मोडत असेल, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप (राज्याची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून झाला, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. डेव्हलपमेंट फी, होस्टेल, मेस मात्र कॅपमधूनही तुमच्याच खिशातून. अल्पभूधारकाचा दाखला मिळत असेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याचाही अर्ज टाका. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. दुसऱ्या वर्षी ते विसरलं की पैसे अडकतात.

आता शाखा. नोकरीच्या जाहिरातीत पगाराआधी पात्रतेचा रकाना वाचा. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची ज्युनिअर इंजिनिअर परीक्षा स्थापत्य (सिव्हिल), यांत्रिकी आणि विद्युत या शाखांची. यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत चार शाखा आहेत, त्यात पर्यावरण नाही. तो विषय स्थापत्यच्या अभ्यासक्रमात येतो. म्हणजे सिव्हिलवाल्याला पर्यावरणाचं दार उघडं राहतं, पण नुसती पर्यावरणाची पदवी असली तर जाहिरातीत ‘समकक्ष’ म्हणून ती लिहिलेली आहे का, हे दरवेळी शोधत बसावं लागतं.

खासगीत काम आहे, तेही तुमच्या आसपास: कोळसा खाणी, चंद्रपूरचं वीज केंद्र, राजुरा-कोरपन्याचे सिमेंट कारखाने, बल्लारपूरची पेपर मिल. काम म्हणजे चिमणीचे आणि सांडपाण्याचे नमुने, प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्राचं काम, ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र आणि पर्यावरण मंजुरीच्या अटींचा १ जून व १ डिसेंबरचा सहामाही अहवाल. पण याच खुर्चीसाठी केमिस्ट्री किंवा पर्यावरणशास्त्रात एमएस्सी झालेली मुलंही रांगेत असतात. त्यांच्या शिक्षणाला खर्च कमी लागलेला असतो, म्हणून ती कमी पगारावरही तयार होतात. साडेसात लाख घालून त्याच रांगेत उभं राहणं परवडत नाही.

म्हणून चंद्रपूर किंवा अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅपमधून सिव्हिल मिळत असेल तर तेच घ्या. पर्यावरण एम.टेक.ला करता येतं, नागपूरच्या व्हीएनआयटीतही. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे, आणि गेटवर एम.टेक.ला प्रवेश घेणाऱ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. तेव्हा मुलीची हौसही राहते, एकरही राहतो.

प्रश्न : मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी दरवर्षी १ लाख याप्रमाणे ४ लाख कर्ज काढतोय. हप्ता किती पडेल? (देवळी तालुका)

उत्तर : ४ लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. व्याज १० टक्के आणि फेड ७ वर्षांची धरली तर हप्ता ६,६४० रुपये दिसतो, आणि बरेचजण इथंच फसतात. व्याज पहिला लाख उचलला त्या दिवसापासून धावतं. शिक्षण आणि पुढचं एक वर्ष धरून पहिल्या लाखावर ५०,०००, मग ४०,०००, ३०,०००, २०,०००, असे १,४०,००० सरळव्याजानं चढतात आणि मुद्दलात मिळतात. मग हप्ता ५,४०,००० वर बसतो: ८,९६५ च्या घरात. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेजला नॅक किंवा एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता असेल तर या काळातलं व्याज केंद्राच्या अनुदान योजनेत बसू शकतं. अर्ज करतानाच मॅनेजरला विचारा. नाहीतर पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये व्याज भरत चला, चौथ्या वर्षी ते ३,३३३ होतं.

प्रश्न : कॉलेज पाहायला गेलो तर पर्यावरणाच्या लॅबमध्ये काय बघावं?

उत्तर : बीओडी इन्क्युबेटर उघडून बघा; सांडपाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते (बीओडी), ते मोजायला त्यात नमुने ठेवतात. २७ अंशांवर सुरू आहे का, आत तीन दिवसांसाठी ठेवलेल्या बाटल्या आहेत का, की फायलींचा गठ्ठा? मग शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा: सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीतला गाळ एक लिटरच्या सिलिंडरमध्ये अर्ध्या तासात ३०० मिलिलिटरवर बसला आणि एमएलएसएस (पाण्यात तरंगणारा गाळ) लिटरला ३,००० मिलिग्रॅम असेल, तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा) किती? उत्तर १००, म्हणजे गाळ नीट बसतोय. १५० च्या वर गेला की गाळ फुगतो, टाकीत बसत नाही आणि शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर नाल्यात जातो. हे त्याला तोंडी सांगता आलं तर लॅब नुसती दाखवायला ठेवलेली नाही.