आयव्हीएफने गाय गाभण राहणं कशावर अवलंबून असतं? (सोलापूर जिल्हा, गीर गाय)

आयव्हीएफमध्ये एका गाईची स्त्रीबीजं काढून प्रयोगशाळेत फळवतात आणि तयार झालेला भ्रूण दुसऱ्या गाईच्या गर्भाशयात सोडतात. यात सोलापुरात मी पहिलं नाव उन्हाचं घेईन. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या ताणात वाढलेलं स्त्रीबीज कमकुवत निघतं आणि हा परिणाम ऊन उतरल्यावरही काही आठवडे टिकतो. म्हणून स्त्रीबीजं काढायला हिवाळा गाठा, पहिल्या पावसात घाई नको.

गीर होल्स्टीनपेक्षा (विदेशी दुधाळ जात) एका वेळी सहसा जास्त स्त्रीबीजं देते, हा मोठा फायदा. वळूगणिक निकाल मात्र बदलतो. लिंगनिर्धारित रेतमात्रेतून (बहुतेक कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळ्या केलेल्या वीर्यातून) भ्रूण बहुधा कमी तयार होतात.

खरी हेळसांड होते ती भ्रूण वाढवणाऱ्या गाईची. भ्रूण सात दिवसांचा असतो, म्हणून तिचा माजही साधारण सात दिवसांपूर्वीच येऊन गेलेला हवा. एखाद्या दिवसाचा फरक चालतो, त्याहून जास्त नाही. गर्भाशय निरोगी हवं, अंडाशयावर पीतपिंड (माजानंतर तयार होणारी, गर्भ टिकवणारी गाठ) ठळक हवा. आपल्याकडे महिनोन्महिने नुसती उसाची वाढी (शेंड्याचा हिरवा पाला) घालतात. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. अशा गाईत महागडा भ्रूण कृपा करून सोडू नका. आधी दोन-तीन महिने हिरवा-सुका चारा आणि खनिज मिश्रण द्या.

ताजा भ्रूण गोठवलेल्यापेक्षा सहसा चांगला रुजतो. माजाच्या तारखेपासून महिन्याभराने सोनोग्राफी करून घ्या.