वाचकांचे प्रश्न : अवतरणचिन्हं आणि कंस विसरू नका

प्रश्न : लाइव्हकोड या प्रोग्रामिंगच्या भाषेत लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) आत ‘पुट टोटल + १ इन्टू टोटल’ लिहिलं की पहिल्याच फेरीत स्क्रिप्ट थांबते. ओळ तर बरोबर दिसते.

उत्तर : ओळ बरोबरच आहे, पण त्याआधी टोटलमध्ये काही ठेवलेलं नाही. १९८७ साली ॲपलच्या हायपरकार्ड या सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या हायपरटॉक या भाषेपासून लाइव्हकोडमध्ये आलेला नियम असा, की ज्या व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या नावाला) अजून किंमत दिलेली नाही, त्याची किंमत म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. म्हणजे तुम्ही ‘टोटल’ या अक्षरांत १ मिळवायला सांगताय. लूप सुरू होण्याआधी ‘पुट ० इन्टू टोटल’ लिहा. लूपच्या आत लिहिलंत, तर दर फेरीला पुन्हा शून्य होईल.

इथे निदान स्क्रिप्ट थांबली, हे चांगलंच झालं. खरा धोका गुपचूप होणाऱ्या चुकीचा. ‘पुट रेड इन्टू रंग’ ही ओळ अवतरणचिन्हांशिवायही चालते आणि रंगमध्ये ‘रेड’ हा शब्द जातो. महिन्याभराने त्याच हँडलरमध्ये (स्क्रिप्टच्या एका नाव दिलेल्या भागात), या ओळीच्या वर, कुणी रेड नावाचं व्हेरिएबल करून त्यात २५५ ठेवलं, की रंगमध्ये २५५ जातं आणि एररही येत नाही. म्हणून मजकूर नेहमी अवतरणचिन्हांत लिहा. शिवाय प्रेफरन्सेसमध्ये स्ट्रिक्ट कम्पायलेशन मोड चालू ठेवा. मग प्रत्येक व्हेरिएबल ‘लोकल’ किंवा ‘ग्लोबल’ म्हणून आधी जाहीर करावं लागतं आणि अशी चूक स्क्रिप्ट कम्पाइल होतानाच पकडली जाते. नवशिक्यांनी हा मोड पहिल्या दिवसापासून वापरावा, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : मी केलेलं फंक्शन ‘द क्षेत्रफळ ऑफ’ असं लिहून का चालत नाही? ‘द लेंग्थ ऑफ’ तर चालतं.

उत्तर : ‘द … ऑफ’ ही सोय भाषेत आधीपासून असलेल्या फंक्शनांनाच आहे. स्वतःचं फंक्शन कंसानेच बोलवायचं : क्षेत्रफळ(४, ५). त्याला काहीच द्यायचं नसलं तरी रिकामा कंस हवा, नाहीतर ते नाव व्हेरिएबल समजलं जातं.

आधीपासून असलेल्या फंक्शनांनाही कंस वापरणंच बरं. ‘द लेंग्थ ऑफ अ & ब’ म्हणजे आधी अ ची लांबी मोजायची आणि त्या आकड्याला ब जोडायचा. दोन्हींची मिळून लांबी हवी असेल, तर लेंग्थ(अ & ब) लिहा.

प्रश्न : ‘आस्क’ या कमांडने वापरणाऱ्याला दोन उत्तरं विचारली, पण पहिलं नाहीसं झालं.

उत्तर : दोन्ही ‘इट’ या भाषेतल्या तयार व्हेरिएबलमध्ये गेली आणि दुसऱ्याने पहिलं पुसलं. ‘गेट’ आणि ‘आन्सर’ या कमांडही तिथेच लिहितात. प्रत्येक ‘आस्क’नंतर लगेच ‘पुट इट इन्टू नाव’ करा.

‘इट’, व्हेरिएबल आणि फील्ड (पडद्यावरची मजकुराची चौकट) हे सगळे कंटेनर, म्हणजे किंमत ठेवायच्या जागा आहेत, म्हणून ‘पुट’ सगळ्यांना चालतं. ‘इन्टू’ जुनं पुसतं, ‘आफ्टर’ शेवटी जोडतं, ‘बिफोर’ सुरुवातीला. कंटेनरचा तुकडाही चालतो : ‘पुट "नवा" इन्टू वर्ड २ ऑफ लाइन ३ ऑफ फील्ड "यादी"’ लिहिलं, तर तेवढाच शब्द बदलतो. इथे ‘फील्ड’ हा शब्द गाळून नुसतं यादी लिहिलंत, तर बदल त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये होतो आणि पडद्यावरची यादी जशीच्या तशी राहते.